इटलीतले डावे-मध्यम पक्ष: मतं आहेत, मग आघाडी का टिकत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: 2022 ला इटलीत मेलोनींच्या उजव्या आघाडीला निम्म्यापेक्षा कमी मतं मिळाली तरी त्यांचं पक्कं बहुमताचं सरकार बसलं, मग समोरचे डावे आणि मध्यममार्गी पक्ष एकत्र का येत नाहीत, त्यांचं नेमकं कुठे अडतं, आणि पुढच्या वेळी तरी जमेल का.

मी 2001 पासून बोलोन्यात राहते. पोटापाण्याचं काम दुभाष्याचं आणि भाषांतराचं, पण वीसेक वर्षं इथल्या डाव्या-मध्यम राजकारणात साधी कार्यकर्ती म्हणून वावरलेय, म्हणजे प्रायमरीच्या (म्हणजे नेता निवडायला सामान्य लोकांचं जे मतदान घेतात त्याच्या) मांडवात यादी घेऊन बसणं, उन्हाळ्यात पक्षाच्या जत्रेत (इथे तिला फेस्ता देल'उनिता म्हणतात) स्वयंपाकघरात तोर्तेल्लीनी (सारण भरलेला पास्ता) वळणं, आणि नागरिकत्व मिळाल्यावर मतमोजणीच्या टेबलावर बसणं. त्यामुळे मी तटस्थ नाहीये, मला हे लोक जिंकावेत असंच वाटतं, आणि म्हणूनच त्यांच्या चुका मला जास्त लागतात.

आधी 2022 चे आकडे बघा, कारण सगळी चर्चा त्यांच्याभोवतीच फिरते. उजव्यांची आघाडी 43.8 टक्के. पार्तीतो देमोक्रातिको, म्हणजे पीडी, आणि तिचे साथीदार मिळून 26.1 टक्के. कोंतेंची फाइव्ह स्टार मूव्हमेंट 15.4. कालेंदा आणि रेंझी यांची मधली जोडी 7.8. या तीन आकड्यांची बेरीज केली तर 49 च्या वर जाते. पण हे तिघे वेगवेगळे लढले, आणि इटलीच्या सध्याच्या निवडणूक कायद्यात साधारण 3/8 जागा एकेका उमेदवाराच्या असतात, जो पुढे तो निवडून आला, दुसरी फेरी नाही. लोकसभेसारख्या खालच्या सभागृहात अशा 147 जागा होत्या, त्यातल्या 121 उजव्यांनी नेल्या. बाकी जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात, तिथे फारसा फरक पडला नव्हता.

एक जागा जवळून दाखवते म्हणजे कळेल. रोम शहराच्या मधल्या भागाचा सिनेट मतदारसंघ. पीडीच्या आघाडीकडून एम्मा बोनीनो, घटस्फोट आणि गर्भपाताच्या हक्कासाठी पन्नास वर्षं लढलेली बाई, इटलीत मंत्री आणि युरोपात कमिशनर राहिलेली. समोर मेलोनींच्या पक्षाच्या लाविनिया मेन्नूनी. आणि तिसरे कार्लो कालेंदा स्वतः. याच कालेंदांचा पक्ष आणि बोनीनोंचा पक्ष त्या वर्षाच्या सुरुवातीला एकत्र फेडरेशन करून बसले होते! निकाल असा लागला की मेन्नूनी साधारण 36 टक्के, बोनीनो 33, कालेंदा 14. तिथल्या कॅफेत बसणारी, सकाळी एकच पेपर वाचणारी, जवळजवळ सारख्याच विचारांची माणसं दोन उमेदवारांत वाटली गेली आणि जागा तिसरीकडे गेली. बोनीनोंच्या पक्षाला देशभरात 3 टक्क्यांची अट असताना 2.8 मिळाले, त्यामुळे त्या दारानेही त्या आत जाऊ शकल्या नाहीत. त्या रात्री मी बोलोन्यात एका शाळेच्या वर्गात मतमोजणीला होते, अकराला मतदान बंद झालं, आधी सिनेटच्या पिवळ्या मतपत्रिका उघडायच्या मग खालच्या सभागृहाच्या गुलाबी, आणि कोणीतरी मोबाइलवर रोमचा आकडा वाचून दाखवला तेव्हा टेबलावरच्या आमच्यातल्या दोघीतिघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मोजणी पुढे चालू केली. बोलायला काही नव्हतंच.

आता लोक म्हणतात मतांची बेरीज होत नसते, कोंतेचा मतदार पीडीच्या उमेदवाराला मत देईलच असं नाही. बरोबर आहे, आणि हे मी टेबलावर बघितलंय. इथे मतपत्रिकेवर वर एका चौकटीत उमेदवाराचं नाव असतं आणि खाली त्याला पाठिंबा देणाऱ्या पक्षांची चिन्हं, तुम्ही खास पेन्सिलीने एका चिन्हावर फुली मारली की ते मत वरच्या उमेदवारालाही जातं, दोन्हीकडे वेगवेगळं मत देता येत नाही. म्हणजे माझा पक्ष आवडतो पण त्याने जोडलेला उमेदवार पटत नाही, तर मतदाराला सुटकाच नाही. आमच्या बोलोन्यात हे फार जाणवलं, कारण पीडीने 2018 ला आणि 2022 ला सिनेटसाठी प्येर फेर्दिनांदो कासीनींना उभं केलं, जे जुन्या ख्रिस्ती लोकशाही पक्षातले आणि कितीतरी वर्षं उजव्यांचे नेते बेर्लुस्कोनी यांचे साथीदार. माझ्याबरोबर तोर्तेल्लीनी वळणारी एक आजी, वडील फॅसिस्टांविरुद्ध डोंगरात लढलेले, स्वतः जन्मभर कम्युनिस्ट, ती मला म्हणाली की मी नाक दाबून फुली मारली पण मारली. तिच्यासारख्यांनी मारली म्हणून कासीनी निवडून आले. पण तिच्या नातवाने मत दिलंच नाही. आघाडीचं गणित मांडताना नेते आजी मोजतात, नातू मोजत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की बेरीज होते, पण ती कमावावी लागते, आणि त्याला वेळ लागतो. 2022 ची निवडणूक सप्टेंबरच्या 25 तारखेला हरली नाही, ती ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हरली.

त्या आठवड्यात काय झालं ते सांगते. जुलैत पंतप्रधान द्रागींचं जवळजवळ सगळ्या मोठ्या पक्षांचं मिळून असलेलं सरकार पडलं, मेलोनींचा पक्ष तेवढा बाहेर होता. त्याची सुरुवात फाइव्ह स्टारने एका मदत-पॅकेजच्या विश्वासमताला बाहेर राहून केली, आणि त्या पॅकेजमध्ये त्यांना सगळ्यात खुपलेली गोष्ट कोणती तर रोमच्या कचऱ्यासाठीचा जाळणी प्रकल्प, जो पीडीच्याच महापौरांना हवा होता. यानंतर पीडीचे सचिव एन्रीको लेत्ता म्हणाले की कोंतेंबरोबर आता जाणं शक्य नाही. ठीक. मग 2 ऑगस्टला त्यांनी कालेंदांबरोबर करार केला, एकेरी जागांचं वाटप 70-30, जागावाटपाचे आकडे अगदी कागदावर. चार दिवसांनी त्यांनी ग्रीन आणि डाव्या पक्षाबरोबर, म्हणजे बोनेल्ली आणि फ्रातोयान्नी यांच्याबरोबर वेगळा करार केला. यातल्या फ्रातोयान्नींनी द्रागींच्या विरोधात मतं दिली होती. दुसऱ्या दिवशी, 7 ऑगस्टला, कालेंदांनी टीव्हीवर येऊन सांगितलं की मी बाहेर. झालं. पाच दिवसांत आघाडी उभी राहिली आणि मोडलीही. दोष मी कालेंदांना देते कारण सही करून पाच दिवसांत मागे फिरणं माझ्या लेखी बसत नाही, पण लेत्तांनाही देते, कारण दोन करार वेगवेगळ्या खोल्यांत करून ते एका छताखाली आपोआप राहतील असं त्यांनी कसं धरलं ते मला आजही कळत नाही.

आता हे आजचं दुखणं नाही, याची मुळं समजायला थोडं मागे जायला हवं. 1989 च्या नोव्हेंबरमध्ये बर्लिनची भिंत पडल्यावर तीनच दिवसांनी कम्युनिस्ट पक्षाचे सचिव आकिल्ले ओक्केत्तो आमच्याच बोलोन्यात, बोलोनीना नावाच्या कामगार वस्तीत आले आणि पक्षाचं नावसुद्धा बदलेल असं सूचित करून गेले. 1991 ला पक्ष मोडला, बहुतेकजण नव्या पीडीएसमध्ये गेले, आणि ज्यांना ते मान्य नव्हतं त्यांनी रिफोंदात्स्योने कोमुनीस्ता काढला. दुसरीकडे ख्रिस्ती लोकशाही पक्ष भ्रष्टाचाराच्या खटल्यांत कोसळला आणि त्याचेही तुकडे झाले. म्हणजे आजच्या डाव्या-मध्यम घराची माणसं दोन मोठ्या घरांतून आलीत, जी चाळीस वर्षं एकमेकांविरुद्ध लढली होती. 1994 ला डावे आणि मधले वेगवेगळे लढले आणि बेर्लुस्कोनी जिंकले, त्यातून धडा घेऊन 1995 ला रोमानो प्रोदींनी उलीवो, म्हणजे ऑलिव्हचं झाड, ही आघाडी उभी केली आणि बसने गावोगाव फिरले. झाडाखालच्या छोट्या पक्षांना तेव्हा सगळे झुडपं म्हणायचे.

1996 ला उलीवो जिंकला. पण कसा? रिफोंदात्स्योनेबरोबर आघाडी नव्हती, फक्त समजुतीचा करार होता, काही जागा तुम्ही लढा आम्ही नाही, बाकी आम्ही लढू तुम्ही नाही. याला इथे देझिस्तेन्झा म्हणतात. निवडणुकीपुरता तो अप्रतिम चालला. पण खालच्या सभागृहात प्रोदींचं बहुमत त्या पक्षाच्या 35 खासदारांवर उभं होतं, आणि त्या 35 जणांनी सरकारचा कार्यक्रम कधी मान्यच केलेला नव्हता. युरोमध्ये जायचं म्हणून खर्चाला कात्री लावायची होती, रिफोंदात्स्योनेचे नेते बेर्तिनोत्ती यांना 35 तासांचा कामाचा आठवडा हवा होता, 1997 ला एकदा तुटता तुटता वाचलं. 9 ऑक्टोबर 1998 ला विश्वासमत झालं: बाजूने 312, विरुद्ध 313. एका मताने सरकार गेलं. मी तेव्हा इथे नव्हते, पण आमच्या वस्तीतली साठीच्या पुढची कुठलीही व्यक्ती तो दुपारचा तास सांगते, कोण कुठे उभं होतं, रेडिओ कोणाच्या दुकानात लागला होता. प्रोदी बोलोन्याचे आहेत, हेही लक्षात घ्या.

दुसऱ्यांदा 2006 ला त्यांनी उलटं केलं, म्हणजे यावेळी सगळ्यांना आत घेतलं आणि सगळं आधीच लिहून घेतलं. कार्यक्रम 281 पानांचा. आघाडीत रिफोंदात्स्योनेपासून मास्तेल्लांच्या छोट्या ख्रिस्ती पक्षापर्यंत सगळे. देशभरात फरक पडला साधारण 25 हजार मतांचा, पण कायद्यात जिंकणाऱ्याला बोनस देऊन 340 जागा पुऱ्या करून मिळायच्या म्हणून खालचं सभागृह पक्कं झालं. सिनेटमध्ये मात्र बोनस प्रांताप्रांताने होता, तिथे 158 विरुद्ध 156. त्या दीड-दोन वर्षांत जवळजवळ प्रत्येक मतदानाला आजीव सिनेटर, म्हणजे निवडून न येता जन्मभरासाठी नेमलेले, लागायचे, नोबेल मिळालेल्या रीता लेवी-मोन्ताल्चीनी नव्वदीच्या पुढच्या वयात मत द्यायला यायच्या आणि त्यावरून त्यांना विरोधक वाटेल ते बोलायचे, ते बघून तेव्हा फार वाईट वाटायचं. जानेवारी 2008 ला नुकतंच न्यायमंत्रिपद सोडलेल्या मास्तेल्लांनी पाठिंबा काढला आणि सिनेटमध्ये 156 विरुद्ध 161 ने सरकार पडलं.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. एकदा करारात काहीच लिहिलं नव्हतं, एकदा 281 पानं लिहिली होती. दोन्ही वेळा पडलं. त्यामुळे जे म्हणतात की आधी सविस्तर कार्यक्रम ठरवा मग आघाडी टिकेल, त्यांच्याशी मी सहमत नाही. 281 पानांत प्रत्येकाचं एक वाक्य होतं पण भांडण झाल्यावर शेवटचा शब्द कोणाचा हे कुठल्याच पानावर नव्हतं. लहान पक्षाला सरकार पाडल्यावर तोटा काय होतो? ज्या कायद्यात छोट्याशिवाय मोठ्याचं बहुमत होत नाही तिथे किल्ली छोट्याच्याच हातात राहते. आणि अगदी मोठ्या पक्षाच्या आतसुद्धा हेच होतं. एप्रिल 2013 ला राष्ट्रपतिपदासाठी पीडीने प्रोदींचं नाव एकमताने, टाळ्या वाजवून ठरवलं, आणि त्याच दिवशी गुप्त मतदानात आपल्याच बाजूची 101 मतं गायब झाली. लागत होती 504, पडली 395. प्रोदी तेव्हा आफ्रिकेत मालीला होते. ते 101 कोण हे आजपर्यंत कोणी कबूल केलेलं नाही. त्या जखमेतून पुढे लेत्तांचं बेर्लुस्कोनींबरोबरचं सरकार आलं, निवडणुकीतले साथीदार वेंदोला विरोधात जाऊन बसले, आणि तिथून जो मतदार घरी बसला तो अजून पूर्ण परत आलेला नाही.

मग काय चालतं? माझ्या अनुभवात एकच गोष्ट काम करताना बघितलीय: नेता कोण हे मतदारांना विचारणं.

ऑक्टोबर 2005 ला आघाडीची पहिली देशव्यापी प्रायमरी झाली. तीन वर्षांहून जास्त इथे राहणाऱ्या परदेशी माणसालाही मत होतं, कमीत कमी एक युरो देऊन आणि कार्यक्रमावर सही करून. मला इटलीत मिळालेलं ते पहिलं मत, म्हणून विसरणं शक्य नाही, रांग चौकाच्या पलीकडे गेली होती आणि लोक शेजाऱ्याला जागा धरायला सांगून कॉफी पिऊन येत होते. देशभर 43 लाख लोक आले, प्रोदींना 74 टक्क्यांच्या आसपास मिळाले. बेर्तिनोत्ती, मास्तेल्ला हे सगळे उमेदवार होते आणि हरले, त्यामुळे निवडणुकीपर्यंत नेतृत्वावरून कोणी तोंड उघडलं नाही. कबूल करते की सरकार तरीही पडलं, म्हणजे प्रायमरी हा रामबाण उपाय नाही, पण जिंकेपर्यंत तरी तिने सगळ्यांना बांधून ठेवलं.

पुढे पीडीने सचिव निवडायलाही हीच पद्धत घेतली. आकडे मात्र उतरत गेले, 2007 ला 35 लाख, 2013 ला 28, 2019 ला 16, आणि 26 फेब्रुवारी 2023 ला 11 लाखांच्या आसपास. त्या शेवटच्या वेळी मी मांडवात होते, थंडी, अधूनमधून पाऊस, दोन युरोची नाणी बिस्किटांच्या डब्यात. पक्षाच्या सभासदांच्या आधीच्या मतदानात बोनाच्चीनी स्पष्ट पुढे होते, जवळजवळ 53 विरुद्ध 35. पण मांडवात बाहेरचे लोक आले, विशेषतः तरुण मुली, ज्यांना मी आधी सर्कोलोत म्हणजे पक्षाच्या शाखेत कधी पाहिलं नव्हतं, आणि एल्ली श्लाइन निवडून आल्या. त्यांनी पक्षाचं कार्ड घेतलंच मुळी दोन-अडीच महिन्यांपूर्वी, तेही त्याच बोलोनीनाच्या शाखेत. आमचे काही जुने लोक तेव्हा नाराज झाले, मी झाले नाही. ज्याला विचारलं नाही तो येत नाही, इतकं साधं आहे हे, आणि हरलेले बोनाच्चीनी पक्ष सोडून गेले नाहीत, पक्षाचे अध्यक्ष झाले, हेही मतदारांना विचारल्यामुळेच झालं असं मला वाटतं.

श्लाइन आल्यापासून कांपो लार्गो, म्हणजे मोठं शेत, हा शब्द पुन्हा चालू झालाय, पीडी, फाइव्ह स्टार, ग्रीन-डावे आणि जमलं तर मधलेही. 2023 ला तासाला 9 युरो किमान वेतनाच्या मागणीवर रेंझी सोडून बाकी सगळे विरोधक एकत्र आले, तो मला आजवरचा सगळ्यात चांगला दिवस वाटतो, कारण लोकांना एका वाक्यात सांगता येईल असं काहीतरी होतं. फेब्रुवारी 2024 ला सार्देन्या प्रांताच्या निवडणुकीत, सगळ्यांच्या एकत्र उमेदवार म्हणून, फाइव्ह स्टारच्या आलेस्सान्द्रा तोद्दे 45.4 विरुद्ध 45.0 ने जिंकल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लिगूरिया प्रांतात कोंतेंच्या हट्टाने रेंझींच्या पक्षाला बाहेर ठेवलं आणि पीडीचे ओर्लांदो 47.4 विरुद्ध 48.8 असे हरले. रेंझी असते तर जिंकलो असतो असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, काही मतं त्यांच्यामुळे गेलीही असती. पण ज्याला नको म्हणायचं त्याला महिनाभर आधी नको म्हणा, याद्या भरायच्या वेळी नाही. आणि मधल्यांना वाटत असेल की आपण एकटे बरे, तर त्यांनी जून 2024 ची युरोपची निवडणूक आठवावी, कालेंदा 3.4 च्या आत, रेंझी आणि बोनीनो मिळून 3.8, अट 4 टक्क्यांची, म्हणजे सात टक्क्यांच्या वर मतं आणि एकही खासदार नाही.

शहरांत हे लोक जास्त जिंकतात त्याचं कारणही बऱ्याच अंशी यंत्रणेतच आहे. पंधरा हजारांवरच्या लोकसंख्येच्या गावात महापौरासाठी दुसरी फेरी असते, त्यामुळे पहिल्या फेरीत प्रत्येकाने आपली ताकद मोजावी आणि दुसऱ्या फेरीत जवळच्याला मत द्यावं. राष्ट्रीय निवडणुकीत ती सोय नाही, मोजणी आणि समझोता दोन्ही आधीच, बंद खोलीत.

अडचण कुठे आहे हे लपवायचं नाही. किमान वेतन, सरकारी दवाखाने, शाळा, यावर हे लोक एका टेबलावर बसू शकतात. युक्रेनला शस्त्रं द्यायची का, युरोपने संरक्षणावर खर्च वाढवायचा का, यावर बसू शकत नाहीत. कोंते शस्त्रांच्या विरोधात, पीडीने बाजूने मतं दिलीत, आणि मार्च 2025 ला युरोपियन पार्लमेंटमध्ये पीडीचे स्वतःचेच खासदार अर्धे बाजूने आणि अर्धे तटस्थ अशी वेळ आली. रेंझींच्या काळातला नोकरी-कायदा रद्द करायच्या 2025 च्या सार्वमतालाही श्लाइन हो म्हणाल्या पण त्यांच्याच पक्षातले काही ज्येष्ठ नाही म्हणाले. त्याच सार्वमतात नागरिकत्वासाठी दहाऐवजी पाच वर्षांच्या वास्तव्याचाही प्रश्न होता, जो माझ्यासारख्यांच्या थेट जिव्हाळ्याचा, शेतात आणि डेअरीत राबणारे इतके पंजाबी आहेत इथे, पण मतदान तीस टक्क्यांच्या आसपासच अडकलं आणि निम्म्याची अट पुरी झाली नाही.

तर जमेल का? माझा अंदाज असा की पीडी, फाइव्ह स्टार आणि ग्रीन-डावे एकत्र येतील, कारण 2022 चा मार सगळ्यांच्या अंगावर आहे. खरी मारामारी पंतप्रधानपदाचा चेहरा कोण यावर होईल, श्लाइन की कोंते की तिसरंच कोणी, आणि ते प्रायमरीने ठरवलं तर हरलेला माणूस निदान निवडणुकीपर्यंत गप्प राहील. परराष्ट्र धोरणावर मात्र आत्ताच, लोकांसमोर, कोणाचा शब्द शेवटचा ते ठरवायला हवं, नाहीतर सरकार आलं तरी त्याचं 1998 होईल. निवडणूक 2027 ला अपेक्षित आहे. तोवर निवडणूक कायदा बदलायच्या चर्चा चालूच राहणार, पण एकेरी जागा राहिल्या तर तुम्ही पोल वगैरे बघत बसू नका, उमेदवार जाहीर झाले की आधी रोमच्या त्या मधल्या सिनेट मतदारसंघाची यादी उघडा आणि बोनीनोंच्या बाजूच्या लोकांकडून यावेळी किती नावं आहेत ते मोजा.